तेवीस एप्रिलचे गुलाब

"किल्ली आधी थोडी बाहेर ओढ, मग फिरव," कीथ म्हणाला. "जॉर्जचं लॉकर असंच उघडतं."

मी किल्ली थोडी बाहेर ओढली आणि फिरवली. लॉकर उघडलं. आत बाबांचा वास होता, म्हणजे आयोडेक्सचा.

माझ्या बाबांचं नाव पुरुषोत्तम खांबेटे. लीड्सच्या या हॉस्पिटलात ते जवळजवळ सत्तावीस वर्षं पोर्टर होते. पेशंटला वॉर्डातून एक्स-रेला न्यायचं, तिथून ऑपरेशनला, आणि कधीकधी तळमजल्यावरच्या थंड खोलीत. फेब्रुवारीत त्यांचं हार्ट बंद पडलं. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती.

गेल्या आठवड्यात बाबांच्या जुन्या सहकाऱ्याचा, कीथचा, ईमेल आला होता. पोर्टर्सच्या खोलीत, गेलेल्या सहकाऱ्यांच्या फोटोंमध्ये जॉर्जचा फोटो लावतोय, तेवीस एप्रिलला, फोटोखाली 'जॉर्ज' लिहितोय, चालेल ना? मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. शेवटी रजा टाकली, बाबांचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत छापलेली पट्टी पर्समध्ये ठेवली आणि स्वतःच आले. या खोलीत म्हणायचं एक इंग्रजी वाक्यही तयार ठेवलं होतं: माझ्या वडिलांना त्यांचं स्वतःचं नाव होतं.

ते कामाला लागले त्या दिवशीही तेवीस एप्रिलच होता. तेव्हाच्या मुकादमाने त्यांचा फॉर्म पाहिला, नाव म्हणायचा एकदा प्रयत्न केला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. आज सेंट जॉर्जचा दिवस, इंग्लंडच्या संताचा. तेव्हा तू जॉर्ज. बाबांनी घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. मी अकरा वर्षांची होते. मला हसू आलं नाही.

त्यांनी मात्र त्या शनिवारी लायब्ररी गाठली.

"अगं आसावरी, हा जॉर्ज इंग्लंडात कधी आलाच नाही," ते म्हणाले. "तिकडे तुर्कस्तानाकडचा कुठला."

"मग?"

"मग काय. मी निदान आलो तरी."

त्या दिवशी इंग्रज माणूस कोटाला लाल गुलाब लावतो, असं पुस्तकात होतं. पुढच्या वर्षी बाबा एक डझन लाल गुलाब घेऊन ड्यूटीवर गेले. लीड्स यॉर्कशरमध्ये येतं, आणि यॉर्कशरचा गुलाब पांढरा. लाल गुलाब शेजारच्या लँकशरचा. त्यांचं भांडण पाचशे वर्षांपूर्वीचं, आता उरलंय ते क्रिकेटच्या मैदानावर. पुस्तकात यातलं काही नव्हतं. कीथ म्हणाला, "जॉर्ज, तू आम्हाला शत्रूचं फूल आणलंयस." सगळे हसले. गुलाब खिडकीतल्या जॅमच्या बरणीत गेले. कुणी लावले नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी पुन्हा लालच नेले.

"पुस्तकात लाल लिहिलंय. त्यांचं भांडण त्यांनी बघावं."

आई म्हणायची, "अहो, त्यांनाच त्या दिवसाचं कौतुक नाही, तुम्हाला कशाला?"

"दिवाळीला माझ्या चकल्या खातात ना? मग त्यांचा एक सण मी करतो."

"चकल्या मी करते," आई म्हणायची.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवर सेंट जॉर्जचा, लाल क्रॉसचा झेंडा चढला, बाहेरून आलेल्यांनी परत जावं म्हणणाऱ्यांनी हल्ली उचललेला. कुणी लावला ते कळलं नाही. आईने संध्याकाळचं फिरणं बंद केलं. बाबा युनिफॉर्ममध्ये बसस्टॉपवर उभे असताना एका व्हॅनमधून कुणीतरी त्यांना परत जायला सांगितलं. उद्या पाऊस आहे म्हणावं तशा आवाजात त्यांनी हे आम्हाला सांगितलं.

"आता पुढच्या वर्षी गुलाब नेऊ नका," मी म्हणाले.

"का?"

"बाबा, का काय?"

"त्या व्हॅनवाल्याला विचार, सेंट जॉर्जचा दिवस कधी असतो. सांगता यायचं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणून तर न्यायचे."

मला या विषयाचा कंटाळा आला होता. त्यांना जॉर्ज म्हटलं जायचं त्याचा कंटाळा, आणि त्यांना ते चालायचं त्याचा त्याहून जास्त.

लॉकरमध्ये मोज्यांचा एक जोड होता, आयोडेक्स, चष्म्याचं रिकामं घर, चहाच्या मसाल्याची डबी. मी एकेक वस्तू पिशवीत टाकत गेले. कीथ दाराशी उभा होता. साठीचा, लांब हातांचा माणूस, हात कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखा. खिडकीतल्या बरणीत पांढरे गुलाब होते.

"काल आणले," तो म्हणाला. "सकाळी कुणीतरी विचारणारच होतं, गुलाब कुठेत म्हणून. लाल हातात घेतले होते गं. मग माझा म्हातारा बाप आठवला, पक्का यॉर्कशरचा. ठेवून दिले."

"बाबा चिडले असते."

"चिडलाच असता." तो थोडा हसला. मग म्हणाला, "आम्हीच करायला हवं होतं, नाही का? सेंट पॅट्रिकच्या, म्हणजे त्यांच्या संताच्या दिवशी आयरिश लोक शहर डोक्यावर घेतात. आमच्या दिवशी काय, तर जॉर्ज आणि त्याची बरणी."

"मग केलं का नाहीत?"

त्याने खिडकीतली बरणी थोडी सरकवली. "लाज वाटते, पोरी. आपणच आपलं कौतुक कसलं करायचं? आणि आता तर झेंडा लावला की शेजाऱ्याला वाटतं, हाही त्यांच्यातलाच. मागच्या वर्षी झेंडा लावायला मी शिडी बाहेर काढली होती. परत आत ठेवली. जॉर्जने आणलं की कसं, काही वाटायचं नाही."

म्हणजे पंचवीस वर्षं बाबांनी ह्यांचा हा संकोचही ढकलत नेला होता, ट्रॉलीवरच्या पेशंटसारखा. पर्समधली पट्टी काढायची ती हीच वेळ होती.

पण लॉकरच्या वरच्या फळीवर, मागे, अजून काहीतरी होतं. इस्त्री केलेला हातरुमाल, चौकोनी घडी घातलेला. आत एक बॅज. पांढरा, नवाकोरा, वर पूर्ण नाव. पुरुषोत्तम, मग खांबेटे. त्यावरची पातळ प्लॅस्टिकची फिल्मसुद्धा काढलेली नव्हती.

"हा कधीचा?"

"हां, तो. पाच-सहा वर्षं झाली. ऑफिसने सगळ्यांना खऱ्या नावाचे करून दिले. त्याने लावलाच नाही. म्हणाला, पेशंटने हे वाचेपर्यंत ऑपरेशन उरकेल." कीथ हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.

हे वाक्य बाबांचंच होतं. कीथला ते सुचलं नसतं.

माझं तयार वाक्य आता कुठे बसेना. नाव त्यांना मिळालं होतं. त्यांनी ते लावलं नव्हतं. आणि टाकूनही दिलं नव्हतं. आईने इस्त्री केलेल्या रुमालात गुंडाळून ठेवलं होतं. त्यांना खरंच काही वाटत नव्हतं, की समोरच्याला त्रास नको म्हणून ते तसं दाखवायचे, हे मी आता विचारू शकत नव्हते. आठ आठवड्यांपूर्वी विचारू शकले असते. तेव्हाही विचारलं नव्हतं.

फोटो भिंतीवरच्या बोर्डावर लागला होता. बाबा युनिफॉर्ममध्ये, मागे खिडकी, बरणी, लाल गुलाब. खाली 'जॉर्ज'. मी नखाने बॅजवरची फिल्म सोलली. ती सहज निघाली. बॅज फोटोच्या खाली, 'जॉर्ज'च्या खाली, बोर्डात टोचला. पट्टी पर्समध्येच राहिली.

कीथ जवळ आला. खिशातून चष्मा काढून त्याने डोळ्यांवर चढवला आणि बॅजवर बोट ठेवलं.

"पु," तो म्हणाला. "पुरु..."

टेबलावरचा फोन वाजला. त्याने बोट तसंच ठेवून दुसऱ्या हाताने रिसीव्हर उचलला. बारा नंबर वॉर्डात पेशंट तयार होता, एक्स-रेला न्यायचा होता. पलीकडच्या नर्सचा घाईचा आवाज मला ऐकू येत होता.

"दोन मिनिटं थांब," कीथ तिला म्हणाला.

मी पिशवी उचलली. नाव कसं म्हणायचं ते मी त्याला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. दारातून बाहेर पडताना ऐकू आलं, तो मध्येच अडला होता, आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरू करत होता.