बोटांनी वाचायची पत्रिका

आत्यानं तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. पन्नाशी उलटल्यावर डोळे गेले, पण चौकसपणा तसूभरही कमी झाला नाही. भाचीचं लग्न ठरल्यापासून तिनं प्रश्नांचा भडिमार चालवला होता. पत्रिकेचा कागद कसला? घडी एक की दोन? अक्षर गोल की टोकदार?

"तूच चल ना छापखान्यात," भाची शेवटी म्हणाली. लहानपणी घरभर घरंगळायची म्हणून घरात तिला सगळे गोटी म्हणत.

छापखानेवाल्या काकांनी नमुन्यांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. आत्या एकेक कागद चिमटीत धरून चोळू लागली. "हा तकलादू. हा ऐटबाज, पण घडीवर तडकेल. हा घ्या."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. तिनं निवडलेला कागद त्यांच्याही मनातला होता.

"पण भाऊ, मी वाचणार कशी? दुसऱ्यानं वाचून दाखवायचं म्हणजे उष्टंच की."

काका कोपऱ्यातल्या पायानं चालवायच्या जुन्या यंत्राकडे गेले. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले आणि एक कागद चांगला दाबून काढला.

आत्यानं बोट फिरवलं. "हे खड्डे झाले. खड्ड्यात काय वाचू?" तिनं कागद पालथा केला. "इथं उठलंय, पण उलटं. कपड्याची आतली बाजू वर आल्यासारखं."

"खिळे उलटेच असतात, ताई. म्हणून तर सरळ छापलं जातं." बोलता बोलता काका थबकले. "म्हणजे ठसाच सरळ करून मागून दाबला तर?"

दोन दिवसांनी ठसे बनवणाऱ्याचा फोन आला. "अहो, तुमची अक्षरं सरळ आहेत. सगळं उलटं छापलं जाईल!"

"सरळच हवीत. हसू नकोस."

आत्या पुन्हा हजर झाली. या वेळी अक्षरं वर उठली होती आणि सरळही होती. तरी तिच्या कपाळावर आठी पडली. "भाऊ, ही अक्षरांच्या डोक्यावरची रेघ काढा. बोट तिच्यावरून सुसाट सुटतं, अक्षरापाशी थांबतच नाही."

"रेघ काढली तर अक्षरं बोडकी दिसतील," गोटी म्हणाली.

"ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी शाईनं छापा की रेघेसकट. मला कशाला टोपी?"

काका मोठ्यानं हसले आणि नवा ठसा करायला दिला.

तिसऱ्या खेपेला आत्यानं तर्जनी कागदावर टेकवली. शिवण तपासावी तशी ती सावकाश पुढे सरकली. एक ओळ वाचायला दोन मिनिटं लागली. गोटी श्वास रोखून बघत होती. तिचं नाव झालं, मग तारीख. पुढच्या ओळीवर मात्र बोट मागे आलं आणि पुन्हा फिरलं.

"दुपारी बारा? लग्न दुपारी आहे?"

"हो. का गं?"

"दादा तर म्हणाला, संध्याकाळी जेवायला न्यायला येतो. मला वाटलं, लग्नच संध्याकाळी."

गोटी गोरीमोरी झाली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरी जाताच तिनं वडिलांना, म्हणजे आत्याच्या दादाला, गाठलं. ते आधी इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "गर्दीत तिची आबाळ होईल गं. त्रास नको म्हणून..."

"त्रास कुणाला, दादा?" मागोमाग आलेली आत्या दारातूनच म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. सकाळी दहाला तयार असेन."

वडिलांनी पुढे होऊन तिचा हात धरला आणि तिला खुर्चीपाशी आणलं. "नवाला येतो," ते म्हणाले. "पुढची जागा मिळायला हवी."

दोनशेच्या दोनशे पत्रिका तशाच, शाईची आणि उठलेली अशी दोन्ही अक्षरं घेऊन निघाल्या. लग्नात काकाही आले. आत्यानं त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "भाऊ, तो ठसा पितळेचा की जस्ताचा?"