दप्तरातली दोरी

मी दोरी बोलतेय. घाबरू नका, जवळ या. तुमच्याशी माझं काही वाकडं नाही. ज्यांच्याशी होतं त्यांना मी सोडलेलं नाही, आणि कसं सोडलं नाही तेच सांगायला बसलेय.

मी बाजारातली नायलॉनची दोरी नव्हे. दहिवडीच्या पलीकडं माळावर एक धनगरवस्ती आहे. तिथल्या रंगुबाईनं मला शेळीच्या केसांपासून वळलं. उंबऱ्यात पाय पसरून बसायची आणि वळता वळता मला शिव्या द्यायची, कारण माझे केस तिच्या बोटांना टोचायचे. म्हणजे माझा स्वभाव हा असा जन्मापासूनचाच!

माझं काम कोकरं बांधायचं. मेंढ्या चरायला निघाल्या की कोकरं मागं धावतात, वाट चुकतात आणि लांडग्याच्या तोंडी जातात. म्हणून ती थोडी मोठी होईतो खुंट्याला बांधून ठेवायची. त्या कामाची मला कधी लाज वाटली नाही.

प्रांजल ही रंगुबाईची नात. बाप तानाजी मुंबईला हमालीला, आईही तिकडंच, त्यामुळं पोर आजी-आजोबांकडं. काय सांगू तुम्हाला त्या पोरीचं! बसली म्हणेपर्यंत उठलेली असायची. पाण्याला पाठवावं तर कळशी विहिरीवरच ठेवून हातात सरडा घेऊन यायची. बोलताना स्वतःचंच वाक्य अर्धं टाकून दुसरं धरायची. आजोबा धुळा कौतुकानं हसायचे, "माझी नात हाय ती, बसंल व्हय?" माळावर तिच्यासारखी मेंढरं वळवायला कुणाला जमायचं नाही, हेही तितकंच खरं.

पण शाळेत माळ नसतो. तिथं तिसरीला नानासो गुरुजी होते. वर्ग गप्प तर मास्तर चांगला, एवढंच त्यांना ठाऊक. प्रांजल मध्येच उठून खिडकीशी जायची, शेजारणीच्या वहीत डोकावायची, प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडून मोकळी व्हायची. गुरुजींनी रंगुबाईला बोलावून घेतलं.

"मावशी, मुलीची जात आणि हे असलं वागणं? घरचे संस्कारच नाहीत. मला सगळा वर्ग बघायचाय. हिचा दाखला घेऊन जा."

दाखला म्हणजे शाळा सुटली, एवढं म्हातारीला कळलं. तिच्या घरातली एकही बाई शाळेत गेलेली नव्हती, ही पहिलीच. ती तशीच घरी आली, मला खुंट्यावरून सोडलं आणि परत शाळेत गेली.

"आवं गुरुजी, ही घ्या. उठाय लागली की बांधा. कोकराचं बी असंच असतंय, चार दिस बांधलं की वळण लागतंय. पर शाळंतनं नाव नगा काढू."

मूर्ख म्हातारी! तिच्या हातची असून मी तिला मूर्ख म्हणतेय, म्हणणारच. ती बिचारी मेंढरांत जन्म काढलेली, तिला जे माहीत ते तिनं केलं, असं कुणी म्हणेल. बरं, मग गुरुजी तर शिकलेले होते ना? त्यांनी तरी नको म्हणावं! त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, मजबूत आहे का म्हणून.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली आणि माझं एक टोक बाकाच्या पायाला, दुसरं प्रांजलच्या घोट्याला बसलं. मागून कुणीतरी "बेंऽऽ" केलं. सगळा वर्ग खिदळला. गुरुजीही हसले. त्यांचं ते हसणं माझ्या डोक्यात गेलं ते कायमचंच.

मग रोजचाच रिवाज पडला. प्रांजल पेन्सिल विसरायची, डबा विसरायची, एकदा तर दप्तरच विसरली. पण मला मात्र आजी न चुकता दप्तरात घालायची. माझ्या टोचऱ्या केसांनी पोरीच्या घोट्यावर लाल वळ उठले. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडायची नाही. हळूहळू तिनं उत्तरं द्यायचंही सोडलं. एकदा शाळेतून येताना मला मुठीत घट्ट धरून म्हणाली, "मी लय वंगाळ हाय का गं?"

त्या दिवशी मी ठरवलं. या माणसाला असा सोडायचा नाही.

दोरीच्या हातात काय असतं? जमेल ते केलं. गाठ मारताना त्यांच्या बोटांत केस घुसवले. सोडताना अशी आवळून बसले की नखं मोडावीत. एकदा माझ्यातच पाय अडकून गुरुजी दाणकन आपटले, कोपर सोलून निघालं. लय बरं वाटलं! पण तेवढ्यानं माझं पोट भरणार होतं थोडंच!

पाऊस सरता सरता सांगलीहून डॉक्टर अंकिता शाळेत आल्या. लहान मुलांचा अतिचंचलपणा आणि लक्ष न टिकणं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांची रीत अशी, की जे प्रश्न शाळेत विचारायचे तेच घरीही विचारायचे. त्रास दोन्हीकडं दिसला तरच पुढचा तपास. एकाच जागी दिसला तर खोट पोरात नसून त्या जागेतच असू शकते, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींनी प्रांजलबद्दल तोंडभर सांगितलं. मग डॉक्टर वस्तीवर आल्या.

"आजोबा, प्रांजल एका जागी बसते का?"

"बसून काय करायचं? मेंढरं काय बसून राखत्यात व्हय?"

"सांगितलेलं काम विसरते का?"

"बारकी पोरं इसरायचीच की. आमच्या पोरीला कायबी झालेलं न्हाई."

डॉक्टरांनी वही मिटली. "घरी काहीच त्रास नाही म्हणता, मग मला पुढं तपासता यायचं नाही."

संपलं, म्हटलं मी. आता हे पोर वांड ते वांडच ठरणार, गुरुजी मिशीत हसणार, आणि मी तिच्या पायात पडून राहणार.

निघता निघता डॉक्टर प्रांजलला म्हणाल्या, "एखादं पुस्तक काढ बरं, वाचू या." प्रांजलनं दप्तर सरळ उलटं केलं. आधी मी पडले.

"हे काय गं?"

"माझी दोरी. गुरुजी बांधत्यात. आज्जीनं दिलीया."

डॉक्टरांनी पोरीचा घोटा हातात घेतला. मग रंगुबाईचा बांध फुटला. "व्हय, मीच दिली! आवं, आता कशापायी झाकताय?" ती नवऱ्यावर ओरडली. "बाई, परवा कोकरांची जाळी उघडी टाकून ही पळाली, लांडग्यानं दोन नेली. चुलीपाशी हिला एकटीला सोडाय मला भ्या वाटतंय. पोरीला येडी म्हंतील, उद्या कोण पदरात घील, म्हणून ह्यांनी त्वांड मिटलंय."

धुळांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"वेडी नाही ती," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्या मेंदूला थांबायला उशीर लागतो, आणि मारून-बांधून ते जमत नाही. जवळ जायचं, नाव घ्यायचं, एका वेळी एकच काम सांगायचं. केलं की लगेच शाब्बास म्हणायचं. मधूनमधून उठू द्यायचं. सांगलीला आणा, नीट तपासू. लागली तर गोळी देऊ. पण घर आणि शाळा दोघांनी धरलं तरच."

शाळेत पालकांची बैठक लागली. डॉक्टरांनी मला टेबलावर ठेवलं आणि वस्तीवर सांगितलेलं सगळं गुरुजींनाही सांगितलं. गुरुजी जागचे हलले नाहीत. "मॅडम, बांधल्यानं काही पोर मरत नाही. बसायची सवय लागते. आणि दोरी घरच्यांनीच दिलीय."

रंगुबाई उठली. "खरं हाय. दिली मी, बांधली तुमी. मग आपुन दोगं बसूया की वाईच. बघू कशी सवय लागती ती."

आणि तिनं माझं एक टोक स्वतःच्या घोट्याला बांधलं, मधून मला खुर्चीच्या पायाला वेढा दिला आणि दुसरं टोक गुरुजींच्या पायाला. सगळी वस्ती बघत होती. गुरुजींना पाय मागं घेता येईना. डॉक्टर मधे पडल्या नाहीत.

मी आवळले, जीव खाऊन आवळले. आधी गुरुजी हसले. मग खाजवायला लागले. त्यांचा फोन कपाटावर वाजत होता, हात पोचेना. कपाळावर घाम आला. इतक्या बायकापोरांपुढं बांधून बसलेला माणूस कसा दिसतो, ते मी डोळे भरून पाहिलं.

बराच वेळ गेल्यावर प्रांजल आली. तिनं आजीची गाठ सोडली. मग गुरुजींच्या पायाशी बसली, अर्धी गाठ सैल केली, तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर वाजला आणि आमच्या प्रांजलबाई पळाल्या!

"ए कार्टे...!"

"गुरुजी," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मघाशी सांगितलं तसं बोलवा."

गुरुजींनी हाक मारली. "प्रांजल." ती दारात वळली. "इकडं ये, बाळा. माझी एवढी गाठ सोड."

ती आली. जिभेचं टोक दातांत धरून तिनं माझा एकेक फेर सोडवला. ट्रॅक्टर अजून वाजत होता, तिनं मान वर केली नाही. मी धरता येईल तेवढं धरून ठेवलं. तिच्यावर राग म्हणून नव्हे, तो माणूस अजून थोडा बसावा म्हणून. शेवटी सुटले.

आता ते म्हणायचं राहिलं होतं. गुरुजींना फार जड गेलं.

"शाब्बास."

पोरीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. खरंच आपल्यालाच म्हणाले का, हे तिला कळेना. मग मागं दुसरं कुणी आहे का, म्हणून तिनं वळून बघितलं. गुरुजींना ते बघवलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सूड गोड लागला का? लागला. खोटं कशाला बोलू?

आता मी त्याच वर्गात, फळ्याशेजारच्या खिळ्यावर आहे. रंगुबाईनंच मला तिथं अडकवलं. प्रांजल आजीबरोबर एस.टी.नं सांगलीला जाते. पहिल्या गोळीनं तिची भूक गेली, मग डॉक्टरांनी मात्रा कमी केली. अजून पळते, अजून विसरते, पण एक अख्खं पान वाचून काढते. गुरुजींचा आवाज चढायला लागला की त्यांची नजर माझ्याकडं येते आणि आवाज उतरतो. प्रांजलनं त्यांना माफ केलं असेल, तो तिचा मोठेपणा. मी केलेलं नाही.

तुमच्याही घरात, वर्गात असं एखादं पोर असेल. त्याला साताऱ्याला न्या, सांगलीला न्या, जिथं जाणता डॉक्टर असेल तिथं न्या. दोरी मात्र शोधू नका. आणि शोधत आलातच, तर मी इथंच आहे. मला खिळ्यावरून खाली काढा, आधी स्वतःच्या पायाला बांधा आणि बसून दाखवा.