दहावा प्रश्न

बहुतेक कचेऱ्यांत एक माणूस असा असतो, की त्याला काही विचारायला जावं तर आपणच वेडे ठरतो. त्याला सगळं येतं, आणि ते चारचौघांना दाखवल्याशिवाय त्याचा दिवस सरत नाही. घशाच्या कर्करोगाच्या त्या रुग्णालयात हा मान संगणक विभागाच्या इंजिनिअरकडे होता.

सहा महिन्यांपूर्वी त्याच्या हाताखाली चाळिशीची एक बाई कामाला लागली. नेटकी, वेळेवर येणारी. तरी सहा महिने झाले, ती सगळ्यांसाठी ‘नवीन बाई’च होती. तिची खोड एकच, कळलं नाही की ती विचारायची. इंजिनिअरने त्यावर एक गंमत काढली होती. तिच्या प्रत्येक प्रश्नाला भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर एक रेघ. महिन्यात दहा रेघा भरल्या, की बाईंनी फळ्यापुढे उभं राहून दहा वेळा म्हणायचं, ‘‘मला काही येत नाही.’’

मागच्या महिन्यात तिने ते म्हटलं होतं. विभागातले लेखनिक आणि भांडारपाल पोट धरून हसले. तीही हसली. न हसून करते काय?

त्या दिवशी फळ्यावर नऊ रेघा होत्या.

या विभागाकडे एक नाजूक काम होतं. शस्त्रक्रियेत ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागे, त्यांचा आवाज आदल्या दिवशी नोंदवून ठेवत. वीस मिनिटं, माणसाला हवं ते बोलू देत. बारा वर्षांत असे चारशे बारा आवाज साठले होते आणि ते सगळे एका कण्हणाऱ्या जुन्या संगणकात होते. अखेर नवा संगणक आला. सोबत ऑपरेटिंग सिस्टीमचं मोहोरबंद खोकं. ‘‘चोरीची कॉपी नाही, रीतसर विकत घेतलीय,’’ इंजिनिअर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

सकाळीच त्याने जुन्या संगणकातली डिस्क काढून नव्यात बसवली. सिस्टीम घातली की लगेच आवाज नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचे. खरं तर सिस्टीम घालून होईपर्यंत जुनी डिस्क बाहेरच ठेवायची असते. त्याला ते ठाऊक होतं. पण झाकण दोनदा कोण उघडणार!

‘‘बाई, हे खोकं घ्या,’’ तो म्हणाला. ‘‘आतल्या कार्डावरचा नंबर टाकायचा आणि पुढे, पुढे करत जायचं. कुठे घालू असं विचारेल, तर पहिली डिस्क निवडायची, फॉरमॅट म्हणायचं, म्हणजे ती पुसून कोरी होते. शेंबडं पोरही करेल. तुम्हाला जमेल ना?’’

‘‘जमेल,’’ ती म्हणाली.

शेजारच्या खोलीत संगणकासमोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं सकाळपासून बसलं होतं. गुरुजी चाळीस वर्षं शिक्षक होते, आठ महिन्यांपूर्वी त्यांचं स्वरयंत्र गेलं. ते वहीत लिहून बोलत. पण त्यांच्या पत्नीला, काकूंना, दिसत नव्हतं. घरी ते बोटाने तिच्या तळहातावर अक्षरं काढत. ‘पाणी’, ‘जेव’, ‘पायरी आहे’. एवढाच काय तो संसार उरला होता. नवा संगणक आला की गुरुजींचा आवाज घरी नेण्यासाठी उतरवून देऊ, असं रुग्णालयाने कबूल केलं होतं. काकू तेवढ्यासाठी आल्या होत्या.

अकराच्या सुमाराला नवीन बाई इंजिनिअरच्या दारात येऊन उभी राहिली. ‘‘साहेब, एक विचारायचं होतं...’’

‘‘आला! दहावा आला!’’ भांडारपाल ओरडला. लेखनिकाने टेबल बडवलं. इंजिनिअरने शांतपणे मार्कर उचलला, टोपण काढलं आणि फळ्याशी जाऊन उभा राहिला. ‘‘बोला बाई. रेघ ओढू?’’

ती तिघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘काही नाही. आलं लक्षात.’’

‘‘बघा! चोप दिल्याशिवाय हुशारी येत नाही!’’ तो मोठ्याने हसत म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

बारा वाजता तो आवाज उतरवायला गेला. एका डिस्कवर नवी कोरी सिस्टीम झळकत होती. दुसरी डिस्क उघडली, तर ती कारखान्यातून आली तशी रिकामी! त्याने पुन्हा उघडली. पुन्हा रिकामी. सकाळी घाईत त्यानेच नव्या डिस्कच्या पहिल्या जागी जुनी डिस्क जोडली होती. पुसली गेली ती तीच.

त्याने आधी स्वतःला वाचवलं. त्याचा आरडाओरडा ऐकून अधीक्षक धावत आले, तेव्हा तो बोट दाखवून म्हणत होता, ‘‘या बाईंनी पुसलं! बारा वर्षांचं काम! यांना आजच्या आज घरी पाठवा, साहेब!’’

नवीन बाई भिंतीला टेकून उभी होती.

गुरुजी उठले. त्यांनी वही उघडली आणि बराच वेळ लिहिलं. लिहून झाल्यावर वही इंजिनिअरच्या हातात दिली.

‘‘काय लिहिलंय त्यांनी?’’ काकूंनी विचारलं. ‘‘मोठ्याने वाचा हो. मला दिसत नाही.’’

अधीक्षक म्हणाले, ‘‘वाचा.’’

इंजिनिअर वाचू लागला. ‘‘‘या बाई आमच्यासमोर स्वतःशीच म्हणाल्या, पहिली डिस्क भरलेली दाखवतेय, नवीन डिस्क भरलेली कशी असेल? प्रश्न अगदी बरोबर होता. तो घेऊन त्या तुमच्या दारात गेल्या. तुम्ही सगळे हसलात. ते हसणं आम्ही इथे ऐकलं. त्या परत आल्या, डोळे पुसले आणि तुम्ही सांगितलं होतंत तसंच केलं.’’’

तो थांबला.

‘‘पुढे?’’ काकू म्हणाल्या.

‘‘‘मीही उठून अडवायला हवं होतं. उठलो नाही. तुम्ही हसलात तसंच मी वर्गात चाळीस वर्षं केलं. एक मुलगा फार शंका विचारायचा, मी त्याला बाकावर उभं करून वर्गाला हसायला लावायचो. पुढे तो विचारेनासा झाला. मला वाटलं, त्याला आता समजतंय. तो नापास झाला तेव्हाही मी त्यालाच ढ म्हणालो. साहेब, बाईंनी बटण दाबलं, पण विचारण्याची वाट तुम्ही बुजवली होती. माझा आवाज तुम्ही घालवलात. शिक्षा द्यायचीच तर माणूस नीट निवडा.’’’

काकूंनी आपला तळहात नवऱ्यापुढे धरला. त्यांनी बोटाने काहीतरी काढलं. मूठ मिटून काकू म्हणाल्या, ‘‘गेला म्हणतात.’’

तेव्हा इंजिनिअरला पहिल्यांदा खरंखुरं कळलं, काय पुसलं गेलं ते! अधीक्षकांकडे न बघता तो म्हणाला, ‘‘साहेब, चूक माझी. डिस्क मी आत ठेवली, चुकीच्या जागी मीच जोडली. बाई विचारायला आल्या होत्या, मी विचारू दिलं नाही.’’

डिस्क बाहेरच्या तज्ज्ञाकडे गेली. तीन आठवड्यांनी एकशे साठ आवाज परत आले. उरलेल्यांवर नवी सिस्टीम लिहिली गेली होती. गुरुजींचा आवाज त्या गेलेल्यांतच होता.

हे सांगायला तो स्वतः त्यांच्या घरी गेला. गुरुजींनी दार उघडलं. त्याने उंबऱ्यातूनच म्हटलं, ‘‘काकू, नाही मिळाला. मला क्षमा करा.’’

काकूंनी मान त्याच्याकडे वळवली. ‘‘वही वाचली ते तुम्हीच ना? त्याआधी हसत होतात तेही तुम्हीच.’’

‘‘हो.’’

‘‘वाटलंच मला. यांचा आवाज कसा होता, तो हल्ली नीट आठवत नाही हो. रोज थोडा थोडा निसटतोय. तुमचं हसणं मात्र जसंच्या तसं कानात आहे.’’

क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत. गुरुजींनी हळूच दार लावून घेतलं.

विभागात आता इंजिनिअर नवीन बाईंना नावाने हाक मारतो आणि काम देताना म्हणतो, ‘‘शंका आली तर हातातलं थांबवा आणि मला खुर्चीतून उठवा.’’ पण ती काही विचारत नाही. कागदावर सगळं तीनतीनदा पडताळते आणि गप्प राहते. तो रोज सांगतो, ती रोज मान हलवते. सहा महिन्यांत जे मोडलं ते जोडायला किती वर्षं लागतील, त्याला माहीत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या घरात, कचेरीत, वर्गात कोण विचारेनासं झालंय, ते आजच बघा. त्याला सगळं समजू लागलंय असं मानू नका. न समजणं हा दोष नाही, आणि विचारणाऱ्याला हसणं हा विनोद नाही. तो दारात येऊन ‘काही नाही’ म्हणत परत फिरला, तर आपण खुर्चीतून उठावं, त्याच्यामागे जावं आणि काय विचारायचं होतं ते ऐकून घ्यावं.