नऊची वेळ

शवदाहगृहाच्या दारात क्लिफर्ड हॅवर्थने बूट पुसले, आत पाऊल टाकलं आणि जागीच थबकला. पुढून दुसऱ्या बाकावर करडा कोट घातलेली एक बाई बसली होती. अख्ख्या थॉर्नबेक गावात आज सकाळी जिचं तोंड पाहायची त्याची इच्छा नव्हती, नेमकी तीच. मोइरा टॅटरसॉल, नगरपालिकेच्या मुख्याधिकारी.

बारा वर्षं क्लिफर्ड या बाईंच्या पगारामागे हात धुऊन लागला होता. वर्षाला एक लाख अडुसष्ट हजार पौंड! त्यात सात बसड्रायव्हर पोसता येतील, असं तो बाजारात भेटेल त्याला ऐकवायचा. दर फेब्रुवारीत पालिकेची सभा साहेबलोकांचे पगार मंजूर करते, तेव्हा नागरिकांना प्रश्न विचारायची मुभा असते. प्रश्न तीन दिवस आधी लिहून द्यायचा, मग त्यातला शब्दही बदलता येत नाही. उत्तर मिळालं की तोंडी एकच उपप्रश्न. क्लिफर्डचा प्रश्न दरवर्षी ठरलेला, आणि नगरसेवक दरवर्षी तो हसण्यावारी न्यायचे.

यंदा मात्र कुणी हसलं नव्हतं. स्थानिक पेपराने त्याचा फोटो छापला, विरोधकांनी उचल खाल्ली, आणि बाईंचं पद रद्द करून शेजारच्या गावाबरोबर एकच मुख्याधिकारी वाटून घ्यायचा ठराव आज संध्याकाळी सभेपुढे होता. बारा वर्षांच्या खटाटोपाला फळ यायचा दिवस. आणि नेमकं याच सकाळी अर्नीला पोचवायचं होतं.

अर्नी पिकप. एकोणीस वर्षं चौदा नंबरच्या बसवर क्लिफर्ड चाकावर आणि अर्नी मागे घंटीवर. मग कंपनीने कंडक्टर काढले. एकट्याने बस चालवायला तयार होईल त्या ड्रायव्हरला पगारवाढ होती, आणि क्लिफर्डने सही केली. पोरं लहान होती, करणार काय? अर्नी त्याला एवढंच म्हणाला होता, "बरोबर केलंस, क्लिफ." त्यानंतर चाळीस वर्षं दोघे एकाच गावात राहिले, पण बोलले नाहीत. अर्नी गेल्याचं क्लिफर्डला कळलं ते बाजारातल्या चहावाल्या ब्रेंडाकडून. "कुणी नाही रे राजा त्याला. पालिकाच उरकणार आहे. बुधवारी, नऊला."

नऊची वेळ सगळ्यांत स्वस्त. ज्यांचं कुणी नसतं, त्यांना पालिका नऊला पोचवते.

पेटी आत आली तशा बाई उठून उभ्या राहिल्या. क्लिफर्डही उभा राहिला. पाद्री तीन मिनिटं बोलला, त्यात अर्नीबद्दल नाव आणि वय सोडून काही नव्हतं. पेटीपुढचा पडदा सरकू लागला आणि क्लिफर्डला एकदम भडभडून आलं. काय करावं ते सुचेना. त्याने पुढच्या बाकाच्या लाकडावर बोटांनी टकटक केलं. दोनदा.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "ते काय होतं, मिस्टर हॅवर्थ?"

"डबल बेल. कंडक्टरने दिली की गाडी सोडायची. इतकी वर्षं त्याने मला दिली." त्याने नाक पुसलं. "तुम्ही इथे कशा?"

"नऊच्या सगळ्यांना येते. साडेदहापर्यंत मला मीटिंग नसते."

"पालिकेने सांगितलंय?"

"छे. पेटी आत येते तेव्हा कुणीतरी उठून उभं राहायला हवं, एवढंच." त्यांनी गाडीची किल्ली काढली. "आज तुमचा प्रश्न पहिला आहे. सहाला या, जागा मिळणार नाही नाहीतर."

बाई गेल्या. बारा वर्षांत किती पेट्या आत आल्या असतील, आणि किती वेळा ही बाई एकटीच उभी राहिली असेल, याचा विचार करत क्लिफर्ड बसथांब्यावर बसून राहिला. दोन बस त्याने सोडून दिल्या.

संध्याकाळी गॅलरी खच्चून भरली होती. क्लिफर्डने लिहून दिलेला प्रश्न वाचला, दुसरा इलाजच नव्हता. लोकांनी बाकं बडवली. सत्ताधारी नेता ग्रिमशॉ घाम पुसत आकडे सांगून मोकळा झाला. मग महापौर म्हणाल्या, "उपप्रश्न, मिस्टर हॅवर्थ?"

त्याच्या खिशात एक झणझणीत उपप्रश्न तयार होता, चार रात्री घासूनपुसून ठेवलेला. तो त्याने खिशातच राहू दिला.

"पगार जास्तच आहे," तो म्हणाला. "मी आजही तेच म्हणतो. पण या गेल्या, तर सकाळी नऊला कोण उभं राहणार?"

कुणाला काही उमगलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारा चळला. ग्रिमशॉने कागद चाळले आणि लेखी उत्तर देण्यात येईल असं सांगितलं. खाली बाई आपल्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांचा हात थांबला, पण त्यांनी मान वर केली नाही.

ठराव दोन मतांनी मंजूर झाला. लोकांनी क्लिफर्डची पाठ थोपटली, बिअर पाजायला नेलं. त्याच्या घशाखाली अर्धा ग्लासही उतरला नाही. बरोबर केलंस, क्लिफ.

लेखी उत्तर एप्रिलमध्ये आलं. अशा अंत्यविधींना अधिकाऱ्यांनी हजर राहावं अशी कोणतीही तरतूद नियमांत नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही.

बाईंचा शेवटचा दिवस जूनमध्ये होता. निरोप समारंभ त्यांनी नको म्हणून सांगितला होता. पुढच्याच सोमवारी क्लिफर्डचा फोन वाजला. शवदाहगृहातली कारकून होती.

"मिस्टर हॅवर्थ ना? टॅटरसॉलबाई तुमचा नंबर देऊन गेल्यात. नऊचं काही असलं तर तुम्हाला कळवायचं म्हणाल्या. परवा एक आहे."

"नाव काय?"

"डोरोथी शॉक्रॉस. वय ब्याण्णव. बाकी काही माहीत नाही."

क्लिफर्डने नाव भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. बुधवारी त्याने बसकंपनीचा जुना कोट चढवला. बटणं आता लागत नव्हती, तरी चढवला. पुढून दुसऱ्या बाकावर जाऊन तो बसला. पेटी आत आली तेव्हा गुडघ्यांवर हात रेटून उठून उभा राहिला, आणि पडदा सरकायला लागल्यावर त्याने पुढच्या लाकडावर दोनदा टकटक केलं.