एका सुरातली गाडी

आमच्या मालकांनी उभ्या आयुष्यात स्वतःची गाडी शर्यतीत पळताना पाहिलेली नाही. ते ऐकतात. ट्रॅककडे पाठ, डोळे मिटलेले, हात मागे बांधलेले. इंजिनाच्या चढत्या-उतरत्या आवाजावरून गाडी कुठल्या वळणावर आहे, किती वेगात आहे आणि ती चालवणाऱ्या पुतण्याने सकाळी पोटभर खाल्लंय की नाही, हे सगळं ते सांगतात. बघणं हे त्यांच्या मते प्रेक्षकांचं काम. त्यांनी तिकीट काढलेलं असतं. फार पूर्वी एकदा गिअरचा तुटलेला दात त्यांनी असा नुसता ऐकून ओळखला होता. त्या एका दाताचं व्याज ते आजतागायत खात आलेत.

अशा घरात जावई आला तो बिनगिअरचा गिअरबॉक्स घेऊन. दोन पुल्या आणि मध्ये पोलादी पट्टा. पुल्या गरजेप्रमाणे दाबल्या जातात, सैल होतात, त्यावर पट्टा वर-खाली सरकतो. गाडीचा वेग वाढत जातो, पण इंजिन आपलं जिथे सगळ्यात जोर लावतं तिथेच, एका सुरात चालू राहतं. गिअर बदलताना वाया जाणारा क्षण वाचतो. लग्नानंतर बाकीची माणसं अंगाने सुटतात. हा पट्ट्याबद्दल बोलत सुटला. एका तरी शर्यतीत आपली ही गिअरची पेटी पळावी, एवढंच त्याचं मागणं.

मालक म्हणाले, "चाचणीत पास झाली तर पळेल. नाहीतर जावईबापू, सुट्या भागांची खोली रिकामीच आहे. नट-बोल्टांच्या कप्प्यांवर चिठ्ठ्या लावायला शिकलेलाच माणूस हवा."

चाचणीला गाडी सुटली. मालक पाठमोरे.

"का थांबलाय तो?"

"थांबला नाही, बाबा. आत्ता समोरून गेला," मुलगी म्हणाली. स्टॉपवॉच कायम तिच्या हातात असतं; घरात डोळे वापरणारी ती एकटीच.

"मग कोणी ढकलतंय का? आवाज चढत नाही, उतरत नाही. पिठाची गिरणी परवडली."

"जुन्या गिअरबॉक्सपेक्षा दीड सेकंद लवकर आलाय."

"सेल बदल घड्याळाचा."

पुतण्याने हेल्मेट काढलं आणि उरलीसुरली वाट लावली. "काका, पळते मस्त. पण मला काही कामच उरत नाही हो. उजव्या हाताला चुकल्याचुकल्यासारखं होतं."

जावई घरी येऊन भिंतीकडे बघत बसला. बायको म्हणाली, "बाबांना वेगात जाणारी गाडी नकोय. वेगात गेल्यासारखी वाटणारी हवीय. दे की तशी."

"म्हणजे पट्टा मुद्दाम टप्प्याटप्प्यावर अडवायचा? खोटे गिअर? अगं, जुन्यापेक्षाही हळू जाईल."

"जाऊ दे. अडवणं बंद करायचं एक बटण ठेव. आणि ते माझ्या चुलतभावाला सांग, बाबांना नको."

पुन्हा चाचणी झाली. गाडी खरोखरच जुन्यापेक्षा हळू गेली, पण काय गुरगुरत गेली. मालकांच्या मिटल्या डोळ्यांखाली हसू पसरलं. "ह्याला म्हणतात गाडी. जावईबापू, ऐकलंत की सुधारता तुम्ही." पेटी पास.

शर्यतीच्या दिवशी जावई आणि मुलगी चालकाला वेळ दाखवायची पाटी घेऊन ट्रॅकलगतच्या कठड्याशी उभे होते. मागे आमचा गाळा. तिथे मालक, मेकॅनिक, जॅक आणि टायर. चाकं बदलायला प्रत्येक गाडीने एकदा थांबायचंच, असा नियम.

निम्मी शर्यत पुतण्या शेजारच्या टीमच्या निळ्या गाडीमागे अडकून पडला होता. शेवटी त्याने बटण दाबलं. गाडी निळीला मागे टाकून अशी सुटली की प्रेक्षक उभे राहिले.

मालकांनी फक्त एवढंच ऐकलं, की आवाज एका जागी खिळला.

"पट्टा अडकला," ते शांतपणे म्हणाले. "संपलं. आवरा."

मेकॅनिकांना दोन पावलं बाहेर टाकून बघता आलं असतं. पण आमच्याकडे बाहेर बघणं म्हणजे मालकांच्या कानांवर शंका घेणं, आणि तेवढा पगार कोणालाच नाही. जॅक ट्रकमध्ये गेला, टायर गेले, फरशीसुद्धा पुसून झाली. मालक स्वतः शेजारच्या गाळ्यात जाऊन निळ्या गाडीच्या मालकीणबाईंना म्हणाले, "अभिनंदन. आजची शर्यत तुमची."

बाईंनी पडद्यावर पाहिलं. त्यांची निळी गाडी आमच्या गाडीच्या बरीच मागे होती. "आभारी आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुतण्या सगळ्यांच्या पुढे राहून चाकं बदलायला आत आला, तेव्हा गाळा आरशासारखा लखलखत होता.

"काका, चाकं?"

ट्रकचं कुलूप उघडून, खुर्च्यांखालून जॅक ओढून काढेपर्यंत निळी गाडी निघून गेली ती गेलीच. आम्ही दुसरे आलो.

"आजची शर्यत त्यांची, सांगितलं होतं ना मी?" मालक म्हणाले. निकालच तसा लागलेला. वाद कोण घालणार? पेटी उतरवली गेली. जावई चिठ्ठ्या लावायला लागला.

काही दिवसांनी मालकीणबाई एक बोल्ट विकत घ्यायला सुट्या भागांच्या खोलीत आल्या. असा बोल्ट त्यांच्याकडे पोत्याने होता.

"मध्येच आवाज बदलायचा थांबला आणि आमची गाडी मागे पडली. ते तुमचं काम?"

"हो."

"आमच्याकडे सगळे ट्रॅककडे तोंड करून उभे राहतात. येता?"

बोल्ट तिथेच राहिला. जावई गेला.

नव्या मोसमातली पहिली शर्यत. मालक पाठमोरे, डोळे मिटलेले. मागून निळी गाडी गेली, एका सुरात. पुन्हा गेली, त्याच सुरात. मालकांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अडकली बिचाऱ्यांची. पट्टाच असणार," ते मुलीला म्हणाले. "घरी गेलीस की जावईबापूंना सांग, झालं गेलं विसरा, परत या. तिकडे त्यांचं काही खरं दिसत नाही."

मुलीने स्टॉपवॉच पाहिलं. मग शेजारच्या कठड्यावर पाटी धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"सांगते, बाबा."

मालकांनी समाधानाने मान हलवली आणि शेजाऱ्यांचं सांत्वन करायला निघाले.