ओल

“बाळाला त्या भिंतीकडे निजवू नकोस गं, त्याची छाती वाजतेय.”

सासूबाईंना जाऊन कितीतरी काळ लोटला, पण शिवणकाकू मागच्या खोलीत झाडू घेऊन शिरल्या की हा आवाज अजून कानावर यायचा. बाळाचं अंथरूण काकूंनी हलवलं होतं खरं, पण फार उशिरा. ते बाळ आता चांगला बाप्या झालंय, परगावी नोकरीला आहे, आणि जिना चढला की अजून त्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजते.

दर पावसात त्या भिंतीत खालून पाणी चढायचं. रंगाचे पोपडे सुटायचे, कोपऱ्यात बुरशीची काळी नक्षी उमटायची. काकूंनी गल्लीभराचे कपडे शिवले, पण ती भिंत काही त्यांना सांधता आली नाही. आता डोळ्यांना सुईचं नाक दिसेना. लेक म्हणाला, घर विकून माझ्याकडे ये. हे घर विकलं तरच तिकडे आईसाठी एक खोली वाढणार होती.

घर विकायला दलाल आला. त्याला सगळे गोडबोल्याच म्हणत. त्याने रंगारी आणला, पोपडे खरवडून घेतले, वर रंगाचे दोन हात दिले. यंदाचा पाऊस तर निघेल, रंगारी म्हणाला. कुणी विचारलं तर बघू, नाही विचारलं तर चहा पाजा, असं गोडबोल्याने काकूंना बजावलं. काकूंनी लेकाला फोन लावला, तर तोही म्हणाला, सगळेच रंग देऊन विकतात, आई, तू काही जगावेगळं करत नाहीस. हे एवढं बोलताना तो मध्ये श्वासाला थांबला. काकूंनी फोन ठेवला.

विचारलंच नाही कुणी, तर मी खोटं कुठे बोलले? हे वाक्य काकू मनात पुन्हा पुन्हा मापून बघायच्या. दर वेळी कापड वीतभर कमी पडायचं.

घर बघायला आली ती एक नर्स, तिचा अबोल नवरा आणि त्यांची चिमुरडी. नवरा नळ सोडून बघत होता, खिडक्या उघडून लावत होता. नर्स शिलाई मशीनपाशी थबकली. रंगीत रिळांवरून, झिजून गुळगुळीत झालेल्या उंबऱ्यावरून तिची नजर फिरली.

“काकू, या घरात ओल आहे हो,” ती म्हणाली.

काकूंनी हातातली कपबशी खाली ठेवली. गोडबोल्याचा घोट घशातच राहिला.

“मायेची, हो,” नर्स हसली. “आमच्या भाड्याच्या घरात कसं कोरडं कोरडं वाटतं. इथे पाऊल टाकलं नि मन निवलं.”

गोडबोल्याला ठसका लागला, मग हसू आलं. घर म्हणजे शेवटी माणसंच, ताई, वगैरे तो सुरू झाला. काकूंना मात्र मान वर करवेना. ती बाई सरळ मनाने बोलली होती, आणि तिचा तो शब्द काकूंच्या काळजात खिळ्यासारखा बसला होता.

पोरगी मागच्या खोलीत पळाली होती. हा कोपरा माझा, तिथून तिने जाहीर करून टाकलं. सगळे तिच्यामागे गेले. उन्हातून आलेली ती लालबुंद पोर नव्या रंगाला गाल लावून उभी होती. किती गार आहे, म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

रंग नवा दिसतोय, नर्सने सहज म्हटलं. काकूंना टापटीप फार, गोडबोल्याने उत्तर देऊनही टाकलं. नवरा पहिल्यांदाच बोलला, की आजच इसार देऊन टाकू. त्याने खिशात हात घातला.

काकू पुढे झाल्या. त्यांनी पोरीला खांद्याला धरून हळूच आपल्याजवळ ओढलं. तिच्या गालाला रंगाची पांढरी भुकटी लागली होती, ती पदराने पुसली. गोडबोल्या मागून खाकरला. काकूंनी वळून पाहिलं नाही. त्या नर्सकडे बघत होत्या.

“हा रंग तुम्ही येणार म्हणून दिलाय. पाऊस लागला की ही भिंत आतून भिजते, बुरशी धरते. माझ्या लेकाला दमा इथेच जडला. मला सगळं ठाऊक होतं, बाई, आणि मी बोलणार नव्हते.”