विसरलेला डबा

सावळीरामला बायकोवर प्रेम करायची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे तिला खाऊ घालणं. गोड बोलणं त्याला जमलं नाही, साडी आणली तर रंग हमखास चुकायचा. पण गोड पदार्थ आणण्यात गडी पटाईत.

नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात तो मशीनवर होता. सुटताना गेटवर झडती व्हायची. शिपाई भिकन वीस वर्षं त्याचा डबा उघडत होता, आणि वीस वर्षं त्यात कँटीनच्या दोन जिलब्या नाहीतर बालुशाही निघत होती. "वहिनींचं का?" असं विचारून भिकन हसत झाकण लावायचा.

बायको कलाबाई मखमलाबादच्या फुलमळ्यातली. लग्नात एवढी बारीक होती की वडिलांनी जावयाचा हात धरून सांगितलं, "पोरीच्या खाण्यापिण्याकडं बघा." ते त्याने किती मनावर घ्यावं! माहेरी झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत चालणारी बाई छापखान्याच्या कॉलनीत येऊन बसून राहिली. अंग सुटत गेलं, आणि सावळीरामला त्याचं कौतुकच वाटत राहिलं.

२००१ साली तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. घाबरलेल्या माणसाने दुसरं काय करावं? तो तुपातला शिरा करायला शिकला. शेजारणींनी डिंकाचे लाडू दिले, तेही ताकद यावी म्हणून तिला चारले. पाण्याचा तांब्यासुद्धा तिला उचलू दिला नाही. वर्षाने तपासणीला गेले तर वजन नऊ किलो वाढलेलं आणि रक्तात साखर.

"यांना एवढं कोण खाऊ घालतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच!" सावळीराम बक्षीस घ्यायला उभं राहिल्यासारखा म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. "आजार तुमच्यामुळे झाला असं मी म्हणत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण वाढलेलं वजन आणि साखर या आजाराला साथ देतात. तो परत येऊ नये म्हणून जेवढं आपल्या हातात आहे तेवढं करू. गोड बंद, आणि रोज पाऊण तास चालणं. हमी देत नाही मी, पण फरक पडतो."

घरी येताना सावळीराम मिठाईच्या दुकानासमोरून मान खाली घालून गेला. आपण घास घास करून त्या दुखण्यालाच पोसलं, हेच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून डबा रिकामा येऊ लागला. भिकनने झाकण उघडलं, सावळीरामकडे पाहिलं आणि काही न विचारता लावून टाकलं. कलाबाईचं चालणं मात्र कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबायचं. "बिनकामाचं काय हिंडायचं? लोक हसतील," म्हणत ती परत यायची.

आठव्या दिवशी डबा घासताना ती एकदम रडायला लागली.

"अहो, खरं सांगा. डॉक्टरीणबाई तुम्हाला एकट्याला काही बोलल्या का? माझं काही खरं नाय म्हणून?"

"काय बोलतेस तू?"

"वीस वर्षांत डबा कधी रिकामा आला नाय. मला वाटलं, तुम्ही माझी आशा सोडली."

सावळीराम तिच्याजवळ खाली बसला. "अगं येडे," तो कसाबसा म्हणाला, "तू राहावीस म्हणून तर रिकामा आणतोय." मग तिच्या हातातला डबा घेऊन त्यानेच तो घासला.

दुसऱ्या दिवशी तो डबा घरीच विसरला. नवरा उपाशी राहील या काळजीने कलाबाई तरातरा निघाली, वाटेत दोनदा नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर टेकली आणि धापा टाकत गेटवर पोचली. "आज लक्ष कुठं होतं तुमचं?" तिने दुपारच्या सुट्टीत बाहेर आलेल्या नवऱ्याला दटावलं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा विसरला. चौथ्या दिवशी चष्मा विसरला. आठवडाभरात भिकनच्या लक्षात आलं, कलाबाईच्या तर त्याआधीच. पण ती कोणाला काही बोलली नाही. जायला काम मिळालं होतं, आणि ते काम तिला आवडायला लागलं होतं. पावसाळ्यात ती छत्री घेऊन आली, उन्हाळ्यात डोक्यावर पदर घेऊन. कठड्यावर टेकणं बंद झालं. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली. दर तपासणीच्या आदल्या रात्री मात्र दोघंही पहाटेपर्यंत जागी असायची.

पाचव्या वर्षीचे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चालू ठेवा."

दुसऱ्या सकाळी सावळीरामने डबा आठवणीने बरोबर नेला. आता बिचारीला किती दमवायचं, असं त्याच्या मनात आलं. दुपारी भाकरी खाल्ली, पण ती त्याला गोड लागली नाही.

संध्याकाळी गेटवर भिकनने डबा उघडला, बंद केला आणि रस्त्याकडे बोट केलं. पलीकडे लिंबाखाली कलाबाई उभी होती, हातात काही नाही.

"अगं, आज डबा नेला होता की मी!" सावळीराम जवळ जात म्हणाला.

"बघितलं मी," ती म्हणाली. "दुपारी घरात करमलं नाय. चला."

सावळीरामने रोजची सायकल हातातच धरली आणि दोघं चालत घरी निघाले.